घराची राखण : कुत्रं किती कामाचं?

आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांत पुष्कळ कुटुंबं गावठाण सोडून मळ्यातल्या वस्तीवर राहायला गेली आहेत. शेजार लांब. गोठ्यात दोन म्हशी, चार शेळ्या. विहिरीवर मोटार आणि तिची केबल. घरातला कर्ता माणूस रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून उसाला पाणी पाजायला गेलेला. मागं घरी म्हातारी माणसं आणि लेकरं. अशा घराला राखण पाहिजे, म्हणून दारात कुत्रं पाहिजे, असं आपण म्हणतो. ते चुकीचं नाही. पण कुत्रं कोणतं काम करतं आणि कोणतं करत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर ज्याला राखणीला ठेवलं, तेच संकट घरी आणतं.

पहिली गोष्ट. कुत्र्याचं खरं काम वर्दी देण्याचं. त्याचा कान आणि नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट. परका माणूस बांधावर आला की आपल्याला कळायच्या आधी त्याला कळतं. चोराला अंधार आणि शांतता लागते; कुत्रं ती शांतता मोडतं. एवढ्यानंच पुष्कळ चोऱ्या टळतात. पण चोराशी झुंजणं हे त्याचं काम नाही. मटणाचा तुकडा टाकून त्याला गप्प करता येतं, विषही घालता येतं. म्हणून कुत्रं भुंकलं की पुढचं काम आपलं. दिवा लावावा, आतूनच मोठ्यानं आवाज द्यावा, शेजारच्या वस्तीला फोन करावा. एकट्यानं काठी घेऊन अंधारात धावू नये.

कुत्रं कोणतं पाळावं? मोठ्या रकमेचं परदेशी जातीचं कुत्रं आणण्याची गरज नाही. आपलं गावठी कुत्रं इथल्या उन्हाला, पावसाला सरावलेलं असतं आणि राखणीला उत्तम. पिल्लू दोन महिन्यांचं झाल्यावरच आईपासून सोडवावं. मुधोळ कुत्र्याचं नाव जतकडच्या मंडळींना ठाऊक आहे. २००५ साली भारतीय टपाल खात्यानं त्याचं तिकीट काढलं, पुढं सैन्यानंही त्याला शिकवून तयार केलं. जात नामांकित आहे, पण ती मुळात नजरेनं सावज हेरून पळणारी. तिला पळायला मोकळं रान लागतं. दिवसभर साखळीला ठेवलं तर ते जनावर वाया जातं. त्याच्याकडून ससे धरवणं हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे.

कोणत्याही कुत्र्याला दिवसरात्र बांधून ठेवू नका. बांधलेलं कुत्रं चिडकं होतं, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांवर भुंकतं. मग त्याच्या भुंकण्याकडं घरचेच लक्ष देईनासे होतात. लांडगा आला रे आला, तशी गत. आणि त्याला रोज घरच्याच माणसाच्या हातून खायला द्या, म्हणजे परक्यानं टाकलेलं खायची सवय लागत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि हीच महत्त्वाची. राखण कोणापासून करायची, हे मुलखावर ठरतं. माण, खटाव, आटपाडी, जत या पूर्वेकडच्या माळरानावर धनगर बांधवांच्या मेंढवाड्याला लांडग्याचं भय असतं. तिथं दोन-तीन कुत्री आणि जागा मेंढपाळ ही जोडी उपयोगी पडते. कुत्री वर्दी देतात, माणूस उठतो, लांडगा निघून जातो.

पण पाटण, कराड, शिराळा या भागांत गोष्ट उलटी होते. इथं उसात बिबट्या वावरतो आणि कुत्रं हे बिबट्याचं आवडतं भक्ष्य आहे. नगरकडच्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्याच्या खाण्यात, वजनाच्या हिशेबानं, सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्या त्या भागात कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त, तरी त्यांचा वाटा कमी.

याचा अर्थ ध्यानात घ्या. अंगणात खुंटीला बांधलेलं कुत्रं बिबट्याला पळवून लावत नाही, ते त्याला अंगणात बोलावतं. त्याच अंगणात बाजेवर लेकरू झोपलेलं असलं तर? म्हणून या भागात सूर्य मावळला की कुत्रं गोठ्यात किंवा पडवीत आत घ्या आणि दार लावा. गोठ्याची जाळी छपरापर्यंत भिडलेली असू द्या. अर्ध्या उंचीची भिंत बिबट्या सहज ओलांडतो. आतलं कुत्रंही वर्दी देतंच. उरलंसुरलं अन्न, मेलेली कोंबडी घराजवळ टाकू नका. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. रात्री पाण्याला जाताना एकटं जाऊ नका, बॅटरी घ्या, बोलत चला. जनावर मारलं गेलं तर ते जागचं न हलवता लगेच वनखात्याला कळवा, म्हणजे पंचनामा होऊन नुकसानभरपाई मागता येईल.

तिसरी गोष्ट रोगांची. पिसाळी रोग एकदा अंगात उमटला की माणूस वाचत नाही असंच समजा. पण वेळेवर लस घेतली तर तो टळतो. कुत्र्याला तीन महिन्यांचं झाल्यावर जनावरांच्या दवाखान्यातून लस टोचून घ्या. पुढचा डोस डॉक्टर सांगतील तेव्हा, आणि मग दरवर्षी. कुत्रं चावलं, अगदी ओरखडा उठला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरचीपूड लावू नका, मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती जुनी झाली. ती लस २००४ च्या अखेरीस देशात बंद झाली. आताची थोडी इंजेक्शनं दंडात घ्यायची, मात्र सगळी पुरी करायची. जखम खोल असली तर जखमेतही औषध टोचतात, त्याला नाही म्हणू नका.

मेंढरं पाळणाऱ्यांनी आणखी एक पाळावं. मेलेल्या मेंढीचं डोकं, फुप्फुस, काळीज कच्चं कुत्र्याला घालू नका. त्यातून कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतात. त्यांची अंडी विष्ठेवाटे गवतावर पडतात आणि मेंढी ते गवत खाते. मग तिच्या मेंदूत पाण्याची गाठ होऊन ती गोल-गोल फिरू लागते. माणसाच्याही काळजात अशाच गाठी होऊ शकतात. मेलेलं जनावर खोल पुरा आणि कुत्र्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं दर तीन महिन्यांनी जंताचं औषध द्या.

तेव्हा मंडळी, थोडक्यात लक्षात ठेवा :

१. कुत्रं वर्दी देतं. राखण आपण करायची.
२. गावठी पिल्लू पुरेसं आहे. त्याला दोन वेळा पोटभर घाला, दिवसा थोडं मोकळं सोडा.
३. बिबट्याच्या मुलखात रात्री कुत्रं बाहेर बांधू नका आणि लेकरांना अंगणात झोपवू नका.
४. दरवर्षी लस, दर तीन महिन्यांनी जंताचं औषध.
५. पिल्लं नको असतील तर नसबंदी करून घ्या. नको झालेली पिल्लं उकिरड्यावर सोडली की तीच उद्या मोकाट होतात.
६. आपलं कुत्रं कोणाला चावू नये याची काळजी मालकानं घ्यायची असते. निष्काळजीपणा केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणं शिक्षा होऊ शकते.

ज्याच्याकडून राखणीची अपेक्षा करायची, त्याची राखण आधी आपण करावी. आज सांजेला आपल्या दारचं कुत्रं कुठं बांधलंय, तेवढं एकदा उठून बघा.