सुट्टीचे दोन दिवस आणि घरातील लहान मूल

(शासकीय कर्मचारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)

आजच्या भाषणाचा विषय प्रथमदर्शनी आपल्या कामकाजाच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. पाणीपुरवठा, पीककर्ज, पटनोंदणी, घरपट्टीची वसुली या विषयांवर आपण नेहमीच बोलतो. शनिवार-रविवार घरी लहान मुलांच्या सहवासात कसा घालवावा, हा मात्र ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, असे आपण मानतो. तथापि साप्ताहिक सुट्टी कोणाच्याही घरी आपोआप चालत आलेली नाही. ती सार्वजनिक प्रयत्नांतून मिळाली आहे. म्हणून तिचे पुढे काय होते, हा विचारही सार्वजनिक ठिकाणी व्हावयास हवा.

रविवार कसा मिळाला

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या कापड गिरण्यांत स्त्रीपुरुष कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत असत. त्यांच्याबरोबर लहान मुलेही यंत्रांवर काम करीत. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरवून रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर भरलेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले होते आणि तेथे दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीची तरतूद केली. त्याच कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई केली आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला सात तासांपुरते मर्यादित केले. कामगाराची सुट्टी आणि मुलाचे बालपण या दोन गोष्टी आपल्याकडे एकाच चळवळीच्या ओघात पुढे आल्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता शनिवारचे पाहू. महाराष्ट्र शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू केला. शाळा, रुग्णालये, पोलीस यांसारख्या सेवा त्यातून वगळल्या आहेत. तोपर्यंत दुसऱ्या व चौथ्या शनिवारी सुट्टी असे. ती प्रत्येक शनिवारी मिळू लागली. मात्र त्याच वेळी रोजच्या कामकाजात पंचेचाळीस मिनिटांची वाढ झाली आणि कार्यालयाची वेळ सकाळी ९.४५ ते सायंकाळी ६.१५ अशी ठरली. आठवड्याचा हिशेब केला तर हे पावणेचार तास होतात. हे तास आले कोठून? सहा-साडेसहाच्या सुमारास दिवेलागणीला दाराशी वाट पाहणाऱ्या लहान मुलाच्या वाट्याचे ते तास होते. मुंबईकडे लोकलने दीड तासाचा प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्याचे मूल तर वडील घरी पोहोचेपर्यंत अनेकदा झोपलेले असते. शनिवारची किंमत मुलाने आपल्या पाच संध्याकाळी देऊन आगाऊ चुकती केली आहे. म्हणून त्या दिवसावर पहिला हक्क त्याचा आहे.

लहान मुलाची गरज

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये नमूद केले आहे की, मुलाच्या मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांपूर्वी होतो. हा आकडा वाचून अनेक पालक घाबरतात आणि तीन वर्षांच्या मुलालाही शिकवणीला घालण्याच्या विचारात पडतात. वास्तविक त्याचा अर्थ निराळा आहे. या वयातील मूल शिकते ते ओळखीच्या माणसांच्या सहवासात, बोलण्यातून, हातांनी वस्तू हाताळण्यातून आणि तीच तीच गोष्ट पुनःपुन्हा करण्यातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन ते चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेसह दिवसाला दहा ते तेरा तास झोप मिळावी, त्याची किमान तीन तास हालचाल व्हावी आणि पडद्यासमोर बसणे एका तासाहून अधिक नसावे, असे त्यांत म्हटले आहे. पडद्यासमोरचा वेळ याहून कमी असेल तर अधिक चांगले. दोन वर्षे पूर्ण न झालेल्या मुलासाठी तर पडदा मुळीच नको, अशी शिफारस भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही केली आहे.

या गरजा पाहिल्या म्हणजे लक्षात येते की, त्यांतील एकही विकत आणावी लागत नाही. झोप, मोकळी जागा, बोलणारे माणूस आणि घाई नसलेला वेळ एवढीच ही सामग्री आहे. पहिल्या तीन गोष्टी बहुतेक घरांत थोड्याफार असतात. चौथी सोमवार ते शुक्रवार सहसा नसते. शनिवार-रविवारचे महत्त्व त्यामुळेच आहे.

परंतु हे दोन दिवस आपण कसे घालवतो? एका लग्नाची तिथी, एका वास्तुशांतीचे जेवण, शहरातील खरेदी, राहिलेली बँकेची कामे, नातेवाइकांकडे धावती भेट. यांतील काही टाळता येत नाही, हे मान्य. तथापि लहान मुलाला या धावपळीत दोन्ही दिवस कोणाच्या तरी कडेवर, गाडीवर किंवा गर्दीत काढावे लागतात. त्याची झोप मोडते, जेवणाची वेळ चुकते आणि मग ते किरकिर करू लागले की त्याच्या हाती मोबाइल दिला जातो. महिन्यातून निदान दोन शनिवार-रविवार तरी ठरवून घरी काढावेत, अशी माझी सूचना आहे.

घरकाम हीच बालवाडी

घरी राहून मुलांसाठी काय करावे, असा प्रश्न सुशिक्षित पालकांना पडतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच शोधलेले आहे. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली आणि १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांपर्यंत पोहोचले. अनुताई वाघ यांनी ते अखेरपर्यंत चालविले. परदेशी बनावटीची महाग साधने खेड्यात परवडणारी नव्हती. म्हणून बिया, शंखशिंपले, पाने, माती, मडकी अशा परिसरातील वस्तूंनाच त्यांनी शिक्षणाची साधने बनविले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना त्या कामातून पुढे आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे तो शब्द गावोगावी रूढ झाला.

जे अंगणात शक्य झाले ते स्वयंपाकघरात सहज शक्य आहे. शनिवारी सकाळी मेथीची जुडी निवडायला घेतली की तीन वर्षांच्या मुलासमोरही चार काड्या ठेवाव्यात. पाने एकीकडे, देठ दुसरीकडे, हे वर्गीकरणच होय. मटाराच्या शेंगा सोलताना दाणे मोजता येतात. वाळलेले कपडे घडी करताना मोठा-लहान, आईचा-बाबांचा हे भेद कळतात. भाकरीच्या पिठाचा लहानसा गोळा दिला, तर मूल अर्धा तास त्यात रमते आणि त्याची वेडीवाकडी भाकरी तव्यावर टाकली म्हणजे जेवताना ती सर्वांना वाटून देते. तुळशीला तांब्याभर पाणी घालणे, कुंड्यांतील वाळकी पाने वेचणे, चिंचोके ओळीने मांडणे ही त्याच्या दृष्टीने गंभीर कामे असतात. मुलाच्या मदतीमुळे काम लवकर होत नाही, उलट लांबते. ज्या दिवशी काम लांबले तरी चालते, तो दिवस सुट्टीचा.

दुपारी सर्वांनी थोडे पडावे. झोपण्यापूर्वी एक गोष्ट सांगावी. मुलाला कालचीच गोष्ट हवी असते आणि तिच्यातील एक शब्दही बदललेला त्याला खपत नाही. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे, याचा आनंद ते घेत असते. भाषेची घडण अशाच पुनरावृत्तीतून होते. घरात आजी-आजोबा असतील तर हे काम त्यांच्याकडे आपोआप जाते आणि त्यांच्या बोलीतील शब्द, म्हणी, ओव्या मुलाच्या कानांवर पडतात. संध्याकाळी अंगणात, गच्चीवर किंवा गावाबाहेरच्या माळावर मुलाला त्याच्या चालीने चालू द्यावे. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर ते थांबणार आणि आपणही थांबावे.

मूल मधेच कंटाळले तर बिघडत नाही. थोड्या वेळाने ते पाटाची गाडी करते, उशांचे घर बांधते. प्रत्येक क्षणी त्याचे मन रमविण्याची जबाबदारी पालकांवर नाही. हाकेच्या अंतरावर शांतपणे असणे पुरे असते.

आईचा रविवार

येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. मी ज्या कामांचा उल्लेख केला, ती बहुतेक घरांत एकटी स्त्री करते. केंद्र शासनाच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो. असे काम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. म्हणजे जवळजवळ पाच तासांना दीड तास. शिवाय रविवारी सर्वजण घरी म्हणून जेवणात दोन पदार्थ अधिक होतात, आठवड्याचे धुणे निघते, पाहुणे येतात. पतीची सुट्टी सुरू होते तेथे पत्नीचे काम वाढते. ती स्वतः शिक्षिका, परिचारिका किंवा अंगणवाडी सेविका असली, तरी यात फारसा फरक पडत नाही.

दमलेल्या आईला मुलाच्या शंभराव्या प्रश्नाचे उत्तर हसत देणे कसे जमावे? घरातील सुट्टी शांत हवी असेल तर कामाची वाटणी झाली पाहिजे. रविवारचे एक जेवण साधे असावे, पिठलेभात पुरे. धुणे, भांडी, मुलांची आंघोळ यांतील निश्चित वाटा पुरुषांनी उचलावा. मुलगा वडिलांना भांडी घासताना पाहील, तर घरकाम हे सर्वांचे असते हा पाठ त्याला पुस्तकातून वेगळा द्यावा लागणार नाही.

ज्यांना रविवार नाही

आपण वेतनधारक आहोत म्हणून शनिवार-रविवारची भाषा बोलू शकतो. शेतमजुराची सुट्टी कित्येक गावांत बाजाराच्या दिवशी असते. ऊसतोड कामगारांच्या कुटुंबाला हंगामात ठरलेला विसाव्याचा दिवस मिळणे कठीण. त्यांची तान्ही मुले फडाच्या कडेला वाढतात. संयुक्त राष्ट्रसंघाच्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमाने विश्रांती आणि खेळ हा प्रत्येक मुलाचा हक्क मानला आहे. भारताने ती संहिता ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. हा हक्क केवळ कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या मुलांपुरता असू शकत नाही.

यास्तव येथे जमलेल्या प्रत्येकाकडे माझी एकेक विनंती आहे. अधिकाऱ्यांनी सुट्टीच्या दिवशी कनिष्ठांना माहिती मागविणारे संदेश पाठविण्यापूर्वी, ती सोमवारी सकाळी मिळाली तर काही अडते काय, असा विचार करावा. पूर किंवा साथीचा प्रसंग वेगळा. परंतु एखाद्या तक्त्यासाठी रविवारी दुपारी आलेला संदेश एका सेविकेच्या मांडीवरचे मूल खाली उतरवतो, हे ध्यानी असू द्यावे.

शिक्षकांनी सुट्टीच्या गृहपाठाचा विचार करावा. २०२० च्या शालेय दप्तर धोरणाप्रमाणे दुसरीपर्यंतच्या मुलांना गृहपाठ द्यावयाचा नाही. पालकसभेत हे आवर्जून सांगावे, कारण गृहपाठाचा आग्रह पुष्कळदा पालकांकडूनच धरला जातो. त्याऐवजी आजीकडून एक गोष्ट ऐकून या, एवढे सुचविले तरी पुरे.

ग्रामपंचायत सदस्यांनी विकास आराखडा करताना बालस्नेही गाव ही संकल्पना कागदावर ठेवू नये. बाजाराच्या दिवशी मजूर कुटुंबे गावात असतात. त्या दिवशी सावलीची एक स्वच्छ जागा, पिण्याचे पाणी, चार झोके आणि उघडे ग्रंथालय एवढे असले, तरी त्या घरांतील मुलांनाही आईवडिलांबरोबर निवांत बसण्याचे ठिकाण मिळेल. बाहेरगावाहून तोडणीसाठी आलेल्या टोळीतील मुलांची नावे आपल्या गावच्या अंगणवाडीत हंगामापुरती घ्यावीत, हेही याच कामाचा भाग आहे.

बंधुभगिनींनो, लोखंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आठवड्यातील एक दिवस मिळविण्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले. आपणांपैकी अनेकांच्या हाती आज दोन दिवस आहेत. मूल सहा वर्षांचे होईपर्यंत असे शनिवार-रविवार तीनशेच्या आसपास येतात, त्याहून अधिक नाहीत. येत्या शनिवारपासून त्यांचा हिशेब ठेवावा आणि आपल्या हाताखालील माणसालाही तो ठेवता येईल असे वागावे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.