स्मृतीचे मोजमाप आणि आपले कर्तव्य

(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या ज्येष्ठांच्या मेळाव्यातील भाषण)

मी वैद्य नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि कापडाचा व्यापारी. तरीही स्मृतिभ्रंशाच्या तपासणीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे, कारण तिचे मोल आमच्या कुटुंबाला उशिरा कळले.

माझे थोरले बंधू चाळीस वर्षे पेढीच्या गादीवर बसले. हिशेबात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. एका दिवाळीत त्यांनी एकाच व्यापाऱ्याचे बिल दोनदा चुकते केले. पुढे तोच प्रश्न वारंवार विचारू लागले. ‘वय झाले’ असे म्हणत आम्ही दोन वर्षे दवडली.

अखेर त्यांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे नेले. तेथे झालेली ३० गुणांची चाचणी १९७५ साली अमेरिकेत फोल्स्टीन दांपत्य व मॅकह्यू यांनी प्रसिद्ध केलेली आहे. तारीख, ठिकाण विचारले. तीन शब्द लक्षात ठेवण्यास सांगितले. मग १०० मधून ७ वजा करीत जाण्यास सांगितले. ९३, ८६, ७९, ७२, ६५ – बंधूंनी क्षणात सांगितले. आम्ही निःश्वास सोडला. परंतु मघाचे तीन शब्द विचारताच ते स्तब्ध झाले. वहिनी हळूच सांगू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी नम्रपणे थांबविले. नंतर घड्याळ काढावयास दिले, तर सारे आकडे एकाच बाजूस दाटले.

एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चाचणीचे गुण म्हणजे निदान नव्हे. ताणून मोजलेल्या कापडाचे माप खोटे ठरते. तसेच ज्याला ऐकू येत नाही, चष्मा विसरला आहे, किंवा जो शाळेत गेलेला नाही, त्याचे गुण खोटे ठरू शकतात. म्हणूनच हरियाणातील बल्लभगढ येथील अभ्यासासाठी निरक्षरांना सोयीची हिंदी चाचणी तयार झाली व १९९५ साली ती प्रसिद्ध झाली. गुणांबरोबर घरच्यांची हकीकत, रक्ततपासणी व मेंदूची प्रतिमा पाहूनच निदान होते.

रक्ततपासणीचे महत्त्व आपणा शाकाहारी लोकांना विशेष आहे. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचा दोष किंवा नैराश्य यांनीही विस्मरण होते, आणि त्यावर उपचार आहेत. बंधूंचे बी-१२ कमी निघाले. इंजेक्शनांनी थोडी तरतरी आली. मूळ आजार मात्र अल्झायमरचाच ठरला.

मग तपासणीने काय साधले? निदानानंतर, समज शाबूत असतानाच, बंधूंनी स्वतः पुतण्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या दिल्या व स्वेच्छेने मृत्युपत्र केले. त्यांचा अधिकार कोणी हिरावला नाही. त्यांनी तो सन्मानाने सोपविला. आणखी वर्षभर थांबलो असतो, तर ती संधी गेली असती.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार भारतातील साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. आपल्या घरांतही ते असणारच. विस्मरणास वेड समजून लपवू नका. ज्येष्ठांना सकाळच्या प्रसन्न वेळी, चष्मा व श्रवणयंत्रासह न्या. शेजारी बसा, पण उत्तरे सांगू नका. ज्यांनी आपल्याला अंक शिकविले, त्यांचे अंक चुकू लागता आपण त्यांना हसू नये, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.