ट्यूब लिहिण्याआधी तोंड पाहा



  

या अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून मी मुखरोगनिदानाच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी कार्यकारिणीची सूचना आहे. 1877 साली त्वचारोगतज्ज्ञ श्विमर यांनी ल्युकोप्लाकियाचे, म्हणजे तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचे, वर्णन केले. 1953 मध्ये मुंबईच्या डॉ. जोशी यांनी सबम्युकस फायब्रोसिसवर लिहिले. संशोधक फली मेहता, पिंडबोर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या 1,01,761 गावकऱ्यांची तोंडे तपासून 1972 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एवढे मोठे काम आपल्याच खेड्यापाड्यांत झाले. आणि आज, इतक्या वर्षांनी, त्याच खेड्यांतला माणूस गालात पांढरा चट्टा घेऊन दवाखान्यात येतो, तेव्हा आपण काय करतो? मलमाची एक ट्यूब आणि बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या लिहून देतो. आढावा मी इथेच थांबवतो. या ट्यूबबद्दल बोलायचे मी अनेक वर्षे मनात ठेवले आहे.

एसटीतले एक कंडक्टर माझ्याकडे आले होते. खालच्या ओठाच्या आत, जिथे ते तंबाखूचा बार धरत, तिथे चट्टा होता. सोबत चिठ्ठ्यांचा गठ्ठा. प्रत्येक चिठ्ठीवर वेगळे मलम, आणि एकाही चिठ्ठीवर निदान नाही. तंबाखू सोडा, असेही कुणी लिहिले नव्हते. चट्ट्याच्या कडेला लालसर, खरखरीत भाग होता आणि बोटाला तो कडक लागत होता. तिथला तुकडा बायोप्सीसाठी घेतला. कर्करोग सुरू झाला होता. त्या माणसाने हयगय केली असे मला कुणी सांगू नये. तो दर वेळी डॉक्टरकडे गेला होता. दर वेळी त्याचे तोंड उघडले गेले, आणि पाहिले मात्र गेले नाही.

दुसरी बाजूही सांगतो. एका शाळामास्तरांना नातेवाइकांनी कॅन्सरच ठरवून टाकला होता. घरात रडारड चालली होती. त्यांच्या चट्ट्यासमोरच तुटलेल्या दाढेची धार होती. धार घासून गुळगुळीत केली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावले. चट्टा गेला होता. भीती घालणे हेही निदान नव्हे.

पांढरे दिसणारे सगळे एक नसते. गॉजने पुसून निघते ती बहुधा बुरशी. तिला बुरशीचे औषध द्या, पण साखर तपासा, कवळी रात्री काढून ठेवतात का ते विचारा, दम्याचा पंप घेऊन चूळ भरतात का ते विचारा. गाल ताणला की नाहीसा होतो तो ल्युकोएडिमा, त्याला काहीच लागत नाही. दोन्ही गालांत पांढऱ्या रेषांची जाळी दिसली आणि तिखट झोंबत असेल, तर लायकेन प्लेनस मनात धरा. तिथे स्टेरॉइडच्या मलमाला जागा आहे, आणि नियमित तपासणीलाही. गाल फिकट, ताठ, बोटाला दोऱ्यांसारखे पट्टे लागतात आणि तोंड पुरते उघडत नाही, तर सबम्युकस फायब्रोसिस मनात धरा आणि सुपारी, गुटखा, खर्रा यांची चौकशी करा. हे सगळे वगळून जो पांढरा चट्टा उरतो, त्याला ल्युकोप्लाकिया म्हणायचे. वगळण्याचे कष्ट न घेता हे नाव कागदावर लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आणि बायकांना मशेरीबद्दल वेगळे विचारा. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला एक आजी मला ठामपणे “नाही” म्हणाल्या होत्या. मशेरीचा डबा त्यांच्या पिशवीत होता. त्या खोटे बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते दात घासणे होते.

अधिवेशनातल्या कालच्या परिसंवादात चट्टा काढायला लेसर की चाकू, यावर बराच वेळ वाद झाला. माझे मत स्पष्ट आहे. माझ्याकडे एक गृहस्थ आले, त्यांचा चट्टा दुसरीकडे लेसरने जाळला होता आणि त्याच जागी आता गाठ होती. काय जाळले, याचा एकही कागद त्यांच्याकडे नव्हता. बायोप्सीआधी जाळणे म्हणजे पुरावा नष्ट करणे. शिवाय चट्टा काढला म्हणून पुढचा कर्करोग टळतो, हे अजून कुठल्याही उपचाराबाबत सिद्ध झालेले नाही. तेव्हा चाकू असो वा लेसर, तुकड्याचा अहवाल आधी आणि रुग्णावर नजर कायमची.

तपासणीसाठी वापरायचे रंग आणि दिवे यांच्याबद्दलही तेच. टोल्युइडिन ब्लूने तुकडा कुठला घ्यावा ते ठरवायला मदत होते. तुकडा घेण्यापासून सुटका होत नाही. आणि नुसते नीट पाहण्यानेही फरक पडतो: तिरुवनंतपुरमच्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडे तपासली. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तंबाखू किंवा दारूचे व्यसन असलेल्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे दिसले. आपल्याकडे खुर्ची आहे, दिवा आहे, आरसा आहे, पदवी आहे. मग आपली सबब काय?

सबब एकच ऐकू येते: “तुकडा काढला की पसरतो, असं पेशंट म्हणतात.” मित्रहो, पेशंटला हे कुणी शिकवले? “सध्या हात लावायला नको” असे पुटपुटणाऱ्या डॉक्टरांनीच ती भीती घराघरांत पोचवली. तुकडा घेतल्याने चट्ट्याचा कर्करोग होत नाही. उशीर केल्याने मात्र बरा होणारा कर्करोग हाताबाहेर जातो. मी हे रुग्णांना समजावत आलो. ते समजतात. समजावायला वेळ द्यावा लागतो, एवढेच.

काही कामे हाती घेतली पाहिजेत. तालुक्याच्या ठिकाणी घेतलेला तुकडा फॉर्मालिनमधून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पोचावा आणि अहवाल परत यावा, अशी सोय व्हायला हवी. चट्ट्यांच्या रुग्णांची एक सामाईक नोंदवही हवी. त्यासाठी एक समिती नेमावी असे मी सुचवतो. तपशील कार्यकारिणीने ठरवावा.

तरुण सहकाऱ्यांनो, तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. दात दुखतो म्हणून आलेल्या माणसाचेही दोन्ही गाल, ओठांच्या आतल्या बाजू पाहा; जीभ वर आणि बाजूला घेऊन तिच्या कडा आणि खालची जागा पाहा. चट्टा दिसला तर कारण दूर करा, तंबाखू सोडवा, दोन आठवड्यांनी परत बोलवा, आणि चट्टा उरला असेल तर तुकडा घ्या. कारण सापडलेच नाही किंवा लाल, कडक भाग दिसला, तर तेवढेही न थांबता तुकडा घ्या. जमत नसेल तर जमणाऱ्याकडे पाठवा, आणि रुग्ण तिथे पोचला का, हे फोन करून विचारा. पण निदानाशिवाय ट्यूब लिहून त्याला घरी पाठवू नका.