सहन कोणी करावयाचे?



गेल्या वर्षी गणेशोत्सव आटोपल्यानंतरच्या एका सोमवारी, आठवीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण मांडीत असता माझ्या हातून खडू गळून पडला. तो उचलून पुन्हा लिहू लागलो, तो पुन्हा गळला. तिसऱ्या खेपेस पहिल्या बाकावरील एका मुलीने तो माझ्या हाती दिला आणि हळूच विचारले, "सर, हात दुखतो का?" हात दुखत नव्हता, दुखला असता तर एक वेळ बरे झाले असते. करंगळी व तिच्या शेजारचे बोट जणू माझी नव्हतीच, इतकी ती बधिर झाली होती.

आदल्या दिवशी मी बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीपर्यंत सायकलने जाऊन परत आलो होतो. मी कोणी शर्यतपटू नव्हे. चाळिशी ओलांडल्यावर, प्रकृतीच्या निमित्ताने सायकलीकडे वळलेला, आणि पाच-सहा वर्षांच्या सरावाने शंभरेक किलोमीटरची मजल निभावून नेणारा मध्यम प्रतीचा स्वार आहे. परंतु पावसाने फोडलेल्या त्या रस्त्यावर माझे तळहात हँडलवर तासन्‌तास हादरे खात राहिले होते. डॉक्टरांनी समजावून दिले की, करंगळीच्या बाजूने तळहातात उतरणारी एक नस आहे. तिच्यावर सतत दाब व कंप बसला की बोटे बधिर होतात आणि अंगठ्याची पकडही दुबळी पडते. सायकलस्वारांत हा विकार इतका परिचित आहे की, वैद्यकात त्याला त्यांच्याच नावाने ओळखतात. डॉक्टर म्हणाले, "काही आठवडे विश्रांती घ्या; आणि नंतर एक तर बसण्याची रीत बदला, नाही तर सायकल बदला."

सायकल बदलणे मला अधिक सोपे वाटले. टपाल खात्यातील आमची आवर्ती ठेव त्याच सुमारास पुरी होत होती. माझ्या पत्नीने हरकत घेतली नाही, एवढेच म्हणाली, "घ्यायची तर घ्या. पण या खेपेस चुकीची घेऊ नका. दुसरी ठेव पुरी व्हायला पाच वर्षे लागतात." या एका वाक्याने मला अभ्यासाला बसविले. त्या अभ्यासात जे हाती लागले, ते आज आपणापुढे ठेवीत आहे.

मला हवी होती ती सायकल बाजारात 'एन्ड्युरन्स रोड बाईक' या नावाने ओळखली जाते. एन्ड्युरन्स म्हणजे सहनशक्ती. पण सहन कोणी करावयाचे? शर्यतीच्या सायकलीवर ते काम स्वाराकडे असते: कमरेत वाका, मान वर ताणा, रस्त्याचा प्रत्येक खडा हातांनी मोजा, आणि त्याच्या मोबदल्यात वेग घ्या. दूर पल्ल्याच्या या सायकलीत तो भार शक्य तितका यंत्राने उचलावा, असा हेतू असतो. आपल्याकडेही हौशी स्वार आता ब्रेव्हे नावाच्या दीर्घ फेऱ्या करतात. त्यांत २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास आणि ३०० किलोमीटरसाठी २० तास मिळतात. इतका वेळ एकाच आसनावर काढावयाचा तर पहिल्या तासाच्या वेगापेक्षा दहाव्या तासाला शरीर शाबूत असण्याला अधिक मोल येते.

हा प्रश्न सायकलीइतकाच जुना आहे. एकोणिसाव्या शतकातील लोखंडी धावेच्या सायकलींना इंग्रज लोक 'हाडे खिळखिळी करणारी' असेच म्हणत. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉईड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवेने फुगविलेली रबराची धाव बसविली, आणि सुखाने सायकल चालविण्याचा मार्ग मोकळा झाला. अलीकडच्या सुधारणांचे मूळ मात्र फ्रान्सच्या उत्तर भागात आहे. तेथे १८९६ पासून पॅरिस-रुबे नावाची शर्यत होते. तिच्या सुमारे २६० किलोमीटरांपैकी ५०-५५ किलोमीटर ओबडधोबड दगडी चिऱ्यांवरून जातात. त्या चिऱ्यांवर हाडांचे व चाकांचे जे हाल होतात, ते पाहूनच कारखानदार कामाला लागले.

येथे मी तीन सायकलींची नावे घेतो. ती जाहिरातीसाठी नव्हे, तर तीन निरनिराळे विचार स्पष्ट व्हावेत म्हणून. पहिली स्पेशलाइज्ड कंपनीची 'रुबे'. ही २००४ साली निघाली आणि तिचे नावच त्या शर्यतीवरून आले. २०१६ पासून तिच्या हँडलखाली एक स्प्रिंग असते. ती २० मिलिमीटर दबते व हातांना बसणारा हादरा आपल्या अंगावर घेते. दुसरी ट्रेक कंपनीची 'डोमानी', २०१२ सालची. हिच्यात सीटखालची उभी नळी आडव्या दांड्याला पक्की जोडलेली नसून एका सांध्यावर टेकलेली असते. त्यामुळे मागून येणारा धक्का नळीच्या लवचीकपणात जिरतो. फॅबियन कॅन्सेलारा याने २०१३ ची पॅरिस-रुबे शर्यत हीच सायकल चालवून जिंकली. तिसरी जायंट कंपनीची 'डेफाय'. हिच्यात स्प्रिंग नाही, सांधाही नाही. सीटची नळी मागील बाजूस सपाट केलेली असते, म्हणून ती वजनाखाली किंचित मागे लवते, एवढीच तिची युक्ती. म्हणजे पहिली विशेषेकरून हातांची काळजी घेते, दुसरी पाठीची, आणि तिसरी कमीत कमी भागांत काम भागविते.

साहजिकच माझे मन पहिलीवर बसले. त्रास हाताला, तेव्हा औषधही हातालाच! तिची किंमत माझ्या ठेवीच्या पलीकडे होती, तरी मी उसनवारीचा विचारही करू लागलो होतो. त्याच दिवसांत जुनी सायकल साफसफाईसाठी गावातील एका वयोवृद्ध कारागिराकडे नेली. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. त्यांनी मला सायकलवर बसवून भिंतीला हात टेकावयास सांगितले, बाजूने न्याहाळले आणि म्हणाले, "सर, ही सायकल तुमच्या मापाची नाही. शर्ट मोठा झाला म्हणून कापड वाईट ठरते होय?"

पाच-सहा वर्षांपूर्वी दुकानात जी शिल्लक होती ती मला विकण्यात आली होती, आणि मीही रंगावर भाळून ती घेतली होती. ती एका मापाने मोठी निघाली. हँडल दूर, म्हणून कोपरे ताठ. कोपरे ताठ, म्हणून धक्का थेट तळहातात. शिवाय सीटचे नाक खाली झुकलेले. त्यामुळे अंग पुढे घसरे आणि हातांना ते सारखे मागे रेटावे लागे.

काकांनी सीट समतल केली. हँडल धरणारी ११० मिलिमीटरची दांडी काढून ८० ची बसविली, हँडल थोडे वर घेतले. मग टायरकडे वळले. माझे टायर २५ मिलिमीटरचे होते आणि त्यांत मी ११० पौंड हवा भरीत असे, कारण कडक चाक वेगाने धावते अशी माझी समजूत होती. काकांनी फ्रेममध्ये मावतील तेवढे रुंद, म्हणजे २८ चे टायर घातले व हवा ७५ पौंडांवर आणली. ही समजूत एके काळी नामांकित शर्यतपटूंचीही होती. गुळगुळीत फरशीवर ती काही अंशी खरीही ठरेल. परंतु खडबडीत रस्त्यावर कडक चाक प्रत्येक खड्यासरशी वर उडते, आणि स्वाराला व सायकलीला हादरविण्यात जी शक्ती खर्च होते ती पुढे जाण्याच्या कामी येत नाही. रुंद टायर थोड्या कमी हवेवर त्या खड्यावरून लोळत जाते. म्हणून आता शर्यतपटूदेखील २३ मिलिमीटर सोडून २८ व ३० कडे आले आहेत.

त्या रात्री घरी येऊन मी माळ्यावरची वडिलांची जुनी काळी सायकल खाली काढली. तिच्या टायरवर २८ गुणिले दीड इंच असे उमटलेले आहे. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. आणि २०१९ नंतरच्या डोमानीत जास्तीत जास्त किती रुंद टायर मावते, तर बरोबर ३८ मिलिमीटर! वडील त्या सायकलीवरून रोज कामावर जात. त्यांच्या बोटांना मुंग्या आल्याचे मी कधी ऐकले नाही. अर्थात त्यांचे हँडल उंच होते, पाठ सरळ होती, आणि घाईही बेताची होती.

काही आठवड्यांच्या विश्रांतीनंतर त्या दुरुस्त केलेल्या सायकलीवर मी पुन्हा बाहेर पडलो. खर्च चार-पाच हजारांच्या आत झाला होता आणि बधिरपणा निम्म्याने उतरला होता. उरलेला निम्मा मात्र फ्रेमचाच दोष होता. ती लांब होती ती लांबच राहणार, आणि तिच्यात २८ हून रुंद टायर शिरणार नव्हते. म्हणजे आता नवी सायकल घेण्याला कारण मिळाले, आणि ती कशी हवी हेही कळले. ठेव मोडण्यापूर्वी हा प्रयोग झाला, हे माझे भाग्य.

म्हणून आपणापैकी कोणी अशी निवड करीत असेल, तर माझे सांगणे असे. दुकानात शिरल्यावर प्रथम मापाचा तक्ता मागावा. त्यात दोन आकडे पाहावेत: पायडलच्या मधल्या आसापासून फ्रेमचे पुढचे तोंड किती उंच आहे, आणि किती पुढे आहे. इंग्रजीत यांना स्टॅक आणि रीच म्हणतात. त्याच मापाच्या शर्यती सायकलीपेक्षा दूर पल्ल्याची सायकल बहुधा ३ ते ४ सेंटीमीटर उंच व सुमारे १ सेंटीमीटर जवळ असते. आकड्यांत हे क्षुल्लक दिसते. चौथ्या तासाला मानेला व तळहाताला ते नेमके कळते. दुसरे, किती रुंद टायर मावते ते विचारावे. आपल्याकडील रस्त्यांसाठी ३२ मिलिमीटरची जागा हवीच. अधिक असेल तर उत्तम. तिसरे, नावावर जाऊ नये. एकाच नावाच्या घराण्यात महागड्या सायकलीला असलेली स्प्रिंग वा सांधा स्वस्त भावंडाला असतोच असे नाही. डोमानीच्या ॲल्युमिनियमच्या काही सायकलींत तो सांधा नसतो. आणि चौथे, निदान तासभर, वाईट रस्त्यावर चालवून पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. दुकानासमोरच्या डांबरावर सगळ्याच सायकली सुखाच्या वाटतात.

वजनाचा बाऊ फार करतात, म्हणून एक हिशेब मांडतो. माझे वजन ७२ किलो, सायकल १०, पाणी व सामान ३, एकूण ८५. सायकल एक किलोने हलकी घेतली तर सव्वा टक्क्याहूनही कमी फरक पडेल. तासाभराच्या चढावर तो पाऊण मिनिटही भरत नाही, आणि त्या पाऊण मिनिटासाठी किंमत मात्र दुप्पट होऊ शकते. त्यापेक्षा सोपा गिअर पाहावा. पुढे ३४ दात्यांचे आणि मागेही ३४ दात्यांचे चक्र असले की पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचा एकच फेरा होतो, आणि दमलेला माणूसही घाट चढतो. ब्रेक तेलाच्या दाबावर चालणारे डिस्कचे घ्यावेत. भिजल्या उतारावर बोटांना जोर करावा लागत नाही.

शेवटी मी कोणती सायकल घेतली? ॲल्युमिनियमच्या फ्रेमची, पुढे कार्बनचा फोर्क असलेली, ३२ मिलिमीटर टायरांची एक साधी सायकल. तिच्यात स्प्रिंग नाही, सांधा नाही. पण ती माझ्या मापाची आहे. रुबेची स्प्रिंग व्यर्थ आहे असे मी म्हणत नाही. ज्याला परवडते आणि मापही बसते, त्याने ती अवश्य घ्यावी. मला तिची ओढ लागली होती, ती माझी सायकल मोठी होती म्हणून. एवढाच त्यातला भेद. ठेवीतून उरलेली रक्कम पत्नीच्या हाती परत दिली. तिने ती मोजून घेतली.

गेल्या फेब्रुवारीत मी चोर्ला घाट उतरून केरीपर्यंत गेलो आणि दुसऱ्या दिवशी चढून परत आलो. टायरांत हवा ५८ पौंड होती. वाटेत दर दहा-पंधरा मिनिटांनी हँडलवरची पकड बदलीत होतो, कारण उत्तम सायकलही एका जागी गोठलेल्या हाताला वाचवू शकत नाही. बोटांना क्वचित मुंग्या आल्या, नाही असे नाही. ज्यांचा बधिरपणा विश्रांतीनेही जात नाही, त्यांनी सायकलीच्या दुकानाआधी दवाखान्याची पायरी चढावी, हे आवर्जून सांगतो.

त्यानंतरच्या सोमवारी आठवीच्या वर्गात मी वर्तुळाच्या परिघाचे उदाहरण घातले. फळा भरला, खडू झिजून नखाएवढा उरला, पण हातातून पडला नाही. पहिल्या बाकावरची ती मुलगी माझ्या बोटांकडे पाहत होती. तिने काही विचारले नाही, वहीत मान घातली आणि परीघ काढू लागली.