सही नसलेली चित्रं

(एका चर्चासत्रातील भाषणाचा संपादित भाग)



सोळाव्या शतकात युरोपच्या राजघराण्यांत तळहातावर मावतील एवढी व्यक्तिचित्रं काढून घेण्याची पद्धत पडली. वासराच्या कातड्याचं पातळ चर्मपत्र पत्त्याच्या पानावर चिकटवायचं आणि खारीच्या केसांच्या कुंचल्याने त्यावर चेहरा रंगवायचा. ही चित्रं भेट द्यायची, गळ्यात घालायची. लग्नं ठरवतानाही चित्रं लागत. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने १५३९ साली क्लीव्ह्जच्या अ‍ॅनला ‘पाहायला’ हान्स होल्बाइन या चित्रकाराला पाठवलं. १५४०च्या जानेवारीत लग्न झालं, जुलैत ते रद्दही झालं. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम फक्त आपल्याकडेच होतो असं नाही!

पण मला बोलायचं आहे ते चित्रातल्या बाईबद्दल नव्हे, चित्र काढणाऱ्या बाईबद्दल. होल्बाइन १५४३ साली वारला. त्यानंतर १५४६ साली हेन्रीने लेव्हिना टीअरलिंक या बाईला दरबारी चित्रकार म्हणून नेमलं. ती ब्रूज शहरातली, पोथ्या रंगवणाऱ्या सायमन बेनिंगची मुलगी. तिला वर्षाला ४० पौंड मिळत. होल्बाइनला मिळत होते ३०. हेन्री, एडवर्ड, मेरी आणि एलिझाबेथ अशा चार राजवटी पाहून १५७६ साली ती वारली. म्हणजे तीस वर्षांची नोकरी.

आणि आज? तिची सही असलेलं एकही चित्र आपल्यापाशी नाही. काही चित्रं तिची असावीत असं अभ्यासक म्हणतात, त्यावरही वाद आहेत. तिच्या वडिलांनी पंचाहत्तराव्या वर्षी, १५५८ साली, स्वतःचं चित्र काढून त्यावर नाव आणि वय लिहून ठेवलं. ते चित्र आजही आहे. तिच्यानंतर नावारूपाला आलेल्या निकोलस हिलियर्डने या कलेवर ग्रंथ लिहिला. त्यात त्याने होल्बाइनला गुरुस्थानी मानलं.

मग लेव्हिना आपल्याला कळली कशी? पगाराच्या नोंदींमुळे. नववर्षाच्या भेटींच्या याद्यांमुळे. हिशेबनीसाने पैशांपुढे नाव लिहिलं म्हणून ती उरली. बाईला संधी मिळाली नाही, म्हणून बाई इतिहासात नाही, असं आपण नेहमी म्हणतो. इथे संधी होती, पैसा होता, पुरुषापेक्षा जास्त होता. तरीही काम एकीकडे आणि नाव दुसरीकडे राहिलं.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. एक, बायकांचा इतिहास शोधताना फक्त ग्रंथ आणि कलाकृती पाहू नका. हजेरीपट, पगारपत्रकं, देण्याघेण्याच्या वह्या उघडा. दुसरी, आपण जे करतो, मग ते भित्तिपत्रक असो, अहवाल असो की गाणं, त्याखाली नाव आणि तारीख घाला. सामूहिक काम असेल तर सगळ्यांची नावं घाला. त्यात मिरवणं नाही. पुढच्या बाईला आपल्यापर्यंत पोचायला वाट ठेवणं आहे.