तीन पायांचा शेजारी
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पण ते कुत्रे धडधाकट होते! जखमी कुत्र्यामागे नुसती माया घेऊन धावलात तर ते चावते. वेदनेत ते रोज पोळी घालणाऱ्यालाही ओळखत नाही. म्हणून आज थोडे कामाचे बोलतो.

गेल्या पावसाळ्यात आपल्या बेंगळुरूच्या गल्लीत एका तांबूस कुत्र्याला रात्री गाडीने उडवले. मागचा पाय चेंदला. पहिला धावला तो वॉचमन. त्याने समोरून हात घातला आणि मनगटावर दात लागून रक्त आले. इस्त्रीवाल्या अम्मांनी त्याला ओढतच नळाखाली नेले, साबण लावून पुरी पंधरा मिनिटे हात धुवायला लावला. हळद नाही, चुना नाही. त्याच रात्री लस, आणि रक्त आले होते म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. पुढची इंजेक्शने ३, ७, १४ आणि २८व्या दिवशी. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही, त्यामुळे यातला एकही दिवस चुकवायचा नसतो. वॉचमनचा पगार रोजावर. इंजेक्शनच्या दिवशी आपली मुले त्याच्या जागी गेटवर बसली. मला तर हे कुत्रे उचलण्याइतकेच मोठे वाटते.

आता कुत्रे. एका मुलीने ओढणीचा फास करून मागच्या बाजूने त्याचे तोंड बांधले. (ओकारी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर बांधू नये.) रक्त वाहत होते तिथे स्वच्छ कापड दाबून धरले. स्ट्रेचर कुठले? मंडळाचा जुना कॅरम बोर्ड! पाठ वाकू न देता त्यावर सरकवले आणि रिक्षावाल्याने मीटर न टाकता दवाखान्यात पोचवले. एक मावशी दूध घेऊन आल्या होत्या, त्यांना थांबवले. भूल द्यायची तर पोट रिकामे हवे. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन तर कधीच देऊ नका, कुत्र्याला ती विषासारखी बाधू शकतात. पाय काढावा लागला. पण तीन पायांवर कुत्री छान पळतात, हे आता गल्लीतले मांजर सांगेल.

परत आणायच्या वेळी मात्र वाद झाला. एक आजोबा म्हणाले, "माझा नातू खाली खेळतो, त्याचे काय?" त्यांची भीती खोटी नव्हती. २०२३च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्याची नसबंदी व लसीकरण करून त्याला मूळ जागीच सोडायचे असते, आणि ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा असाव्यात असे सांगितले. तेव्हा नसबंदी, लस, कानाला खूण एवढे करूनच त्याला आणले आणि जेवणाची जागा मुलांच्या मैदानापासून लांब, पंपहाऊसमागे ठरली. आजोबा अजून त्याच्याजवळ जात नाहीत. जाऊही नयेत, त्यांची मर्जी.

त्याला मराठी कळत नाही. "ये ये" म्हटले तर ढिम्म. "बा, बा" म्हणा, लगेच शेपूट हलते.

खर्चाची वही खजिनदारांकडे आहे. तीत इस्त्रीवाल्या अम्मांचे नाव सगळ्यात वर आहे. शिल्लक पुढच्या जनावरासाठी ठेवली आहे, आणि कॅरम बोर्ड जिन्याखाली.