मुलांच्या रहस्यकथा आणि घरातील गुपिते



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या नावापुढे हा विषय वाचून आपल्यापैकी काहींना छापखान्याची चूक वाटली असेल. विडी कामगारांच्या सभांतून आणि कारखान्यांच्या दारांशी घसा कोरडा करणाऱ्या माणसाने बोनसवर बोलावे, मजुरीच्या दरांवर बोलावे, फार तर महागाईवर. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या रहस्यकथांशी त्याचे काय नाते? नाते आहे, आणि तेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत. विद्वत्ता आमच्याजवळ नाही. शाळा आठवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयाच्या कपाटांपाशी उभ्याउभ्याने झाले. लोक समजतात की युनियनचा माणूस म्हणजे याने पहिल्याने मार्क्स वाचला असेल. आम्ही पहिल्याने बाबूराव अर्नाळकर वाचले.

अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळापहाड साहित्यिकांच्या पंक्तीला कधी बसले नाहीत. पण गिरणगावच्या खोल्यांतून, रात्रपाळीहून परतलेल्या माणसाच्या उशाशी ते होते. पुढे काय झाले हे कळावे म्हणून ज्याने अडखळत का होईना शेवटचे पान गाठले, त्याला पुढे करारनाम्याचे शेवटचे पानही वाचता येते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून रहस्यकथेला आम्ही कधी हलकी मानली नाही.

मुलांच्या बाबतीत मराठीत हे काम भा. रा. भागवतांनी केले. १९५१ साली त्यांनी 'बालमित्र' मासिक काढले, ज्यूल व्हर्नची अद्भुत सृष्टी मराठी मुलांच्या हाती दिली, आणि फुरसुंगीचा बनेश फेणे, म्हणजे आपला फास्टर फेणे, उभा केला. हाडकुळा, सायकलवर वाऱ्यासारखा जाणारा, संकट दिसले की 'ट्टॉक' करणारा हा पोरगा १९८७ साली दूरदर्शनवर आला तेव्हा आमच्या वस्तीत ज्याच्या घरी संच होता त्याच्या दारात चपलांचा ढीग पडत असे. सुभाष देसाईसारखा मित्र त्याच्या जोडीला आहे. पोरे एकमेकांसाठी जीव टाकतात, भीती वाटली तरी माघार घेत नाहीत. हे सर्व आम्हाला प्रिय आहे.

तरी एक गोष्ट ध्यानात येते. फेण्याची बहुतेक रहस्ये घराबाहेरची आहेत. चोर बाहेरचा, हेर बाहेरचा, संकट बाहेरचे. घर म्हणजे गाडी सुटते ते स्टेशन; तिथे सारे ठाकठीक. प्रत्यक्षात दहा-बारा वर्षांच्या मुलाला सगळ्यांत मोठे कोडे पडलेले असते ते घराचेच. काका आणि बाबा बोलत का नाहीत? आईच्या गळ्यातली पोत कुठे गेली? आत्याचे नाव निघाले की आजी उठून आत का जाते? आणि दारावर कोणी आले की आपल्याला पुढे करून 'बाबा घरी नाहीत म्हणून सांग' असे का सांगतात? हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी लहानपणी उच्चारले असेल! मुलाला गुपित कोणी सांगत नाही, पण त्याच गुपिताच्या दारावर पहारेकरी म्हणून त्याला उभे करतात.

परदेशात या बाजूला लेखकांचे लक्ष लवकर गेले. जर्मन लेखक एरिश केस्टनर याने १९२९ साली 'एमिल आणि गुप्तहेर' लिहिले. एमिलची विधवा आई घरी बायकांचे केस धुऊन-विंचरून पैसे मिळवते. तिने दिलेले १४० मार्क आगगाडीत चोरीला जातात. एमिल पोलिसांकडे जात नाही, कारण गावातल्या पुतळ्याला त्याने नाक रंगवले आहे आणि त्याचे त्याला भय आहे. बर्लिनच्या रस्त्यावरची अनोळखी पोरे त्याच्यामागे उभी राहतात आणि चोराला घेरतात. आमच्या मते ती मुलांची युनियनच आहे. वर्गणी काय ती नाही! याच केस्टनरची पुस्तके १९३३ साली नाझींनी जाळली, आणि तो स्वतः त्या गर्दीत उभा राहून ते पाहत होता.

त्याचे दुसरे पुस्तक १९४९ चे. सुट्टीच्या शिबिरात दोन मुली भेटतात, एक व्हिएन्नाची, एक म्युनिकची, आणि दोघींचे चेहरे अगदी सारखे. आधी वैर, मग मैत्री, आणि मग कळते की आपण जुळ्या बहिणी आहोत; आईबापांनी काडीमोड घेताना एकेक मुलगी वाटून घेतली आणि दोघींनाही पत्ता लागू दिला नाही. ही गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. हॉलिवूडने १९६१ साली तिच्यावर चित्रपट काढला, आणि १९६८ साली 'दो कलियाँ' म्हणून ती हिंदीत आली तेव्हा लहानग्या नीतू सिंगला दुहेरी भूमिकेत पाहून आपल्या आयाबहिणींनी डोळे पुसले. गाण्यांच्या गर्दीत मूळ प्रश्न बुजला, एवढेच: मोठ्यांनी कोणत्या हक्काने हे लपविले?

आता आपल्या नगरकडे येऊ. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस बाप्तिस्मा घेतला तो लक्ष्मीबाईंना विश्वासात न घेता. लहानग्या दत्तूला घेऊन त्या माउलीने पंढरपुरास दिवस काढले. काही वर्षांनी त्या नगरकडे नवऱ्याजवळ आल्या, आणि १९०० साली स्वतः त्याच धर्मात गेल्या. त्या काळच्या चित्पावन घरात यापेक्षा मोठे झाकण्याजोगे काय असू शकते? पण १९३४ पासून भागाभागाने निघालेली 'स्मृतिचित्रे' उघडा. नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा, स्वतःचे सोवळेओवळे, रुसवे, भांडणे, रिकामे डबे, सारे मोकळ्या आवाजात आणि हसत हसत सांगितलेले आहे. आणि त्या लेखनाच्या पाठीशी कोण होता? तोच दत्तू, देवदत्त टिळक. ज्या मुलाच्या बालपणावरून हे वादळ गेले, त्यालाच ते लिहिले जावे असे वाटले. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिताना बापाचे कर्ज आणि दारात आलेल्या वसुलीवाल्याने केलेला आईचा अपमान झाकला नाही. मुलांनी ते पुस्तक छातीशी धरले. मुलांना सत्य सोसत नाही असे म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

पुस्तकांपलीकडची एक हकीकत सांगतो. नावे सांगणार नाही, वस्तीही सांगणार नाही. सहावीतल्या दोन मुली, शेजारच्या घरांतल्या, एका बाकावरच्या. दोघींच्या आया विड्या वळीत. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी आईचे ओळखपत्र लागते. एकीची आई म्हणाली, 'हरवले.' पोरीने पत्र्याची पेटी उपसली, डबे उपसले, काही मिळेना. आई तर नेहमी सांगे की अकरा वर्षांचा माझा फंड साठला आहे, तुला नर्स करीन. दुसरीने आपल्या आईचे पुस्तक हळूच आणून दाखविले. त्यातले आकडे पाहून दोघी चकित झाल्या. एका बाईच्या हातून रोज दोन हजार विड्या कशा होतील? पंधरा दिवस त्यांनी दोन्ही घरांतल्या जुड्या मोजल्या आणि वहीच्या मागच्या पानावर बेरजा मांडल्या. बेरीज जुळली. ठेकेदाराने एकीचे कार्डच केले नव्हते. तिच्या विड्या शेजारणीच्या नावावर चढत होत्या आणि फंडही तिच्याच नावावर. दोन्ही आयांना हे ठाऊक होते. एक शरमेने गप्प, दुसरी भयाने गप्प.

आता त्या दुसऱ्या मुलीच्या जागी क्षणभर उभे राहा. गुपित फुटले तर नुकसान तिच्या घराचे. तरी आमच्या कचेरीत मैत्रिणीचा हात धरून तीच आली. म्हणाली, 'काका, माझ्या आईचं पुस्तक बघा, पण आईला चोर म्हणू नका.' आम्ही पुष्कळ पुढाऱ्यांची भाषणे ऐकली आहेत. इतके नेमके कलम कोणी घातलेले ऐकले नाही. पुढे कार्ड झाले. अकरांपैकी तीनच वर्षांचा हिशेब शाबीत करता आला, बाकी बुडाले. पहिल्या मुलीला घरी मारही बसला, आणि दोन दिवाळ्या त्या दोन बायकांनी एकमेकींच्या घरी फराळाचे ताट पाठविले नाही. मुली मात्र त्याच बाकावर बसत राहिल्या.

या कथेत चोर आहेच, पण पोरींच्या हाती आधी लागली ती दोन आयांची लाज. मुलांसाठी रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी ही जागा ओळखावी असे आमचे मागणे आहे. घरचे गुपित उघडायचे तर वडीलधाऱ्यांना खलनायक करून भागत नाही. त्यांनी ते का लपविले हेही शोधाचाच भाग आहे. आणि तेथे मित्र हवाच. तो का? घरातल्या प्रत्येकाच्या गळ्यात न बोलण्याची शपथ असते. मित्र त्या शपथेबाहेरचा असतो. आम्ही रोज हेच पाहतो. एकट्या कामगाराला आपली कमी मजुरी नशिबाची वाटते. शेजाऱ्याच्या पावतीशी आपली पावती लावून पाहिली की मग तो हिशेब विचारू लागतो.

कोणी पालक विचारतील, मग काय सगळेच मुलांपुढे मांडायचे? नाही. नवराबायकोचे सगळे भांडण, आजाराचा प्रत्येक तपशील पोरांच्या डोक्यावर टाकू नये. पण जे त्यांच्या पोटाशी, शाळेशी, नात्याशी भिडलेले आहे ते त्यांना ठाऊक होतेच. प्रश्न एवढाच की ते तुमच्याकडून कळते की भिंतीपलीकडून. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची बिऱ्हाडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाकडून किती उचल घेतली हे आईबाप पोरासमोर बोलत नाहीत. तरी गाडीत चढणाऱ्या आठ वर्षांच्या पोराला तो आकडा बिनचूक विचारून पाहा.

अशा पोरांसाठी कोपीवर नेता येतील अशी पुस्तके आम्ही गेली काही वर्षे पत्र्याच्या पेट्यांतून टोळ्यांबरोबर पाठवितो. चैत्रात पेट्या परत येतात तेव्हा फेण्याची पुस्तके सर्वांत जास्त फाटलेली असतात. त्यांच्या नव्या प्रती दर वर्षी घ्याव्या लागतात. ज्यांच्या घरी मुले मोठी झाली आहेत आणि अशी पुस्तके कपाटात पडून आहेत, त्यांनी ती दसऱ्याच्या आत आमच्या कचेरीत पोहोचती करावी.